हत्तीच्या घाटाची भिंत

फार फार पूर्वीची गोष्ट, रस्त्यांपेक्षा पायवाटाच जास्त होत्या तेव्हाची. नदीच्या काठी एक मोठे नगर होते. कनवटीला हात न लावता परगावच्या माणसाने अख्खा दिवस मजेत घालवावा, असे ते नगर. सकाळी वेशीवरचा चौघडा ऐकावा, तालमीच्या खिडकीतून कुस्ती पाहावी, रंगाऱ्यांच्या आळीत वाळत घातलेल्या लुगड्यांखालून फिरावे, दुपारी देवळाच्या ओवरीत आडवे व्हावे. कोणी हटकत नसे.

या सगळ्यांत वरचढ होती ती हत्तीची आंघोळ. राजाचा हत्ती रोज सकाळी नदीवर येई. माहूत त्याला नारळाच्या शेंडीने घासू लागला, की काठावर निम्मे नगर जमे. त्यात एक म्हातारी कोष्टीण असायचीच.

"आरं, कानामागं धू की! आळशी कुठला!" ती रोज हत्तीवरच ओरडे. हत्ती कान हलवी आणि लोक हसत.

एकदा शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला. आपला राजा भर दरबारात मोठ्या डौलाने म्हणाला, "उद्या आपल्याला आमचा हत्ती दाखवतो."

"पाहिला की आज सकाळीच," पाहुणा म्हणाला. "फिरत फिरत घाटावर गेलो होतो. एक आजी त्याला कानामागं धुवायला सांगत होत्या."

दरबार गालातल्या गालात हसला. राजाचे तोंड एवढेसे झाले.

पाहुणा गेल्यावर प्रधान म्हणाला, "महाराज, जे फुकट दिसतं, त्याची किंमत राहत नाही. हत्ती वर्षातून एकदाच दिसू द्या, दसऱ्याला. तेव्हा पाहुण्यांनाही पुन्हा बोलवा. मग बघा कसे डोळे दिपतात ते!"

राजाला ते पटले. सल्ला मनासारखा असला की लवकर पटतो.

घाटाभोवती उंच भिंत उभी राहिली. लोक थोडे कुरकुरले आणि तालमीकडे वळले. माहूत तर खूशच झाला, कारण गर्दीची कटकट गेली. म्हातारीला पहारेकऱ्यांनी हटकले, तेव्हा तीही येईनाशी झाली. हत्ती मात्र आंघोळ झाली, की भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. माहुताला वाटले, त्याला ऊन सोसत नसेल.

वर्ष सरले, दसरा आला. त्या दिवशी सूर्य बुडण्याआधी राजाने हत्तीवरून वेशीपलीकडची राज्याची सीमा ओलांडायची, अशी तिथली रीत होती. ज्या वर्षी राजा सीमा ओलांडत नाही, त्या वर्षी शेजारी ती ओलांडतो, असे जुने लोक म्हणत. आणि शेजारी तर समोर पाहुणा म्हणून बसलेला.

झूल घातलेला हत्ती राजाला घेऊन बाहेर पडला. वर्षभर त्याला न पाहिलेले सारे नगर दुतर्फा दाटले होते. सगळे एकदम ओरडले.

हत्ती थबकला. मग तो गर्रकन वळला. छत्र मोडले, तोरणे तुटली, माणसे दुकानांत शिरली. हत्तीने थेट नदी गाठली, धडक देऊन भिंत पाडली आणि भर पाण्यात जाऊन बसला. अंबारीतला राजा कमरेपर्यंत भिजला.

माहुताने अंकुश लावून पाहिला. प्रधानाने काठावरून गूळ दाखवला. हत्ती हलेना. सूर्य चिंचांच्या शेंड्यांवर उतरला. पाहुणा काठावर येऊन उभा राहिला. राजाला लाजेपेक्षा आता भीती वाटत होती.

तेवढ्यात भिंतीच्या खिंडारातून म्हातारी आत आली. शिपायांनी तिला अडवले.

"येऊ द्या त्यांना," राजा पाण्यातून ओरडला.

म्हातारी काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय रं, आज तरी कानामागं धुतलंस का?"

हत्तीने कान हलवले. मग तो हळूहळू उठला.

म्हातारी पुढे आणि हत्ती मागे, अशी ती मिरवणूक निघाली. "वरडू नगा गं बायांनो, बुजलंय ते," ती वाटेत सांगत होती. लोक गप्प उभे राहिले. सूर्याची शेवटची कड दिसत असताना ओल्या कपड्यांतल्या राजाने सीमा ओलांडली.

खाली उतरून राजाने हात जोडले. "आजी, आमचं कोणाचंच ऐकलं नाही त्यानं. तुमचं कसं ऐकलं?"

"सरकार, आमीच त्याला बघत हुतो व्हय?" म्हातारी म्हणाली. "त्यो बी आमाला बघत हुता. त्येला बी फुकटच हुतं."

पाहुण्याने ते ऐकले. या वेळी कोणीच हसले नाही.

दुसऱ्या दिवशी राजाने उरलेली भिंत उतरवली आणि त्याच दगडांच्या पायऱ्या बांधायला घेतल्या. पायऱ्यांवर महाराजांचे नाव कोरावे, असे प्रधानाने सुचवले. राजा म्हणाला, "नको, लोकांना बसू द्या." पायऱ्या झाल्या त्या सकाळी हत्ती आला, म्हातारी ओरडली आणि खालच्या पायरीवर बसलेला राजा सगळ्यांबरोबर हसला.

तात्पर्य : चारचौघांनी पाहिल्याने वैभव झिजत नाही, भिंतीआड ठेवलेले वैभव मात्र आपल्याच माणसांना बुजते.