येसाक्काचा कातळ

पायताणं खालीच काढा, पाव्हणं. हा येसाक्काचा कातळ. दिवेलागणीला आमच्या गावात ढोल वाजत नाही, मग लग्नाची वरात वेशीत ताटकळली तरी चालेल. त्याचं मूळ इथं आहे.

फार जुनी गोष्ट. येसाक्का माहुताची विधवा, पोटी मूलबाळ नाही. एका वर्षी ओढ्याच्या पुरात हत्तीचं मादी पिल्लू वाहून आलं. तिनं त्याला पेज पाजून जगवलं, चंद्री नाव ठेवलं. "देवानं उशिरा दिली, पण दिली," असं म्हणायची म्हणे. तिचा कळप मात्र दरीपलीकडच्या रानातून हलेना. हत्ती पिकं तुडवतील या भीतीनं लोक रोज सांजेला गावचा ढोल बडवायचे, आणि सगळ्यांत जोरात बडवायची येसाक्काच. कळप लांब जाईल तेवढा तिला हवाच होता.

पुढं चंद्रीनं खाणं टाकलं. सांज झाली की इथं येऊन कान पसरून उभी राहायची. येसाक्कानं दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, अंगारे लावले. कशाचा म्हणून गुण नाही. पोर डोळ्यांदेखत वाळत चालली.

एका सांजेला ढोलाचं कातडं फाटलं. चंद्रीला न्यायला येसाक्का अनवाणीच इथं आली. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण तळपायाखाली कातळ घरघरला, जात्याशी बसलं की भुई घरघरते ना, तस्सा. मग चंद्रीचं कपाळ थरथरलं आणि पुन्हा घरघर आली, बारीक. पलीकडून लगेच जाड घरघर.

येसाक्कानं वाकून तळहात कातळावर टेकला. "अगं बाई, हिची आय हाका मारतीया! आणि मी मेली वरनं ढोल बडवतीया!"

दुसऱ्या दिवशी तिनं गावापुढं पदर पसरून ढोल बंद करवला. पीक जाईल, असं लोक म्हणाले. "माझ्या वाट्याचं खाऊ देत," ती म्हणाली. सांजेला चंद्रीच्या सोंडेवरून हात फिरवला. "जा बाय. पोचलीस की कळव." चंद्री दरीत उतरली. तिनं मागं वळून पाहिलं की नाही, यावर गावात अजून दोन तट आहेत.

येसाक्का रोज इथं येऊन उभी राहायची. सात सांजा कातळ गप्प. आठव्या सांजेला आधी जाड घरघर आली आणि तिच्या मागोमाग बारीक. "पोचली गं माझी," म्हणत ती ढसाढसा रडली, असं सांगतात. त्यानंतर कळप निघून गेला. येसाक्का मरेपर्यंत येत राहिली.

आजही लेक सासरी निघाली की आधी इथं अनवाणी उभी राहते, आणि आई तिला तेच तीन शब्द सांगते, "पोचलीस की कळव." हल्ली काय, गाडी थांबायच्या आत फोन येतो. तरी सांज झाली की आया पायताणं काढून इथं उभ्या असतात. आमची मंडळीही येते. लेकीला देऊन बावीस वर्षं झाली, रोज फोन असतो. तरी येते.