उंबरावरची उत्पला

फार पूर्वी मणिपर्ण नगरात सुतेज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील नावाड्यांच्या कुळात जन्मला होता. वस्तीत तो वयाने आणि मानाने वडील. सगळे त्याला दादा म्हणत. त्याच वस्तीत सोणक नावाचा तरुण नावाडी राहत असे. अंगाने बळकट, पोहण्यात तरबेज, पण मनात एक सल घेऊन जगणारा.

मागे एकदा पूर आला, तेव्हा सगळे नावाडी माणसे काढायला धावले आणि सोणक आपली नवी नाव झाडाला बांधून तिच्यापाशी बसून राहिला. नाव वाचली. शेजारचा विणकर वाहून गेला. तोंडावर कुणी काही बोलले नाही. पण पाठीमागे लोक सोणकाला 'काठावरचा' म्हणू लागले, आणि ते त्याच्या कानांवर आले.

पुढे एका श्रावणात नदी पुन्हा फुगली. या वेळी पाणी असे अचानक चढले की नावा सोडवायलाही उसंत मिळाली नाही. त्या वाहून गेल्या. पलीकडच्या वस्तीतली माणसे झाडांवर चढून बसली. नावाडी पोहत जाऊन एकेकाला पाठीवर घेऊन येऊ लागले. सोणक सर्वांच्या पुढे होता. एकाला उतरवले की तसाच परत फिरे.

दुपार कलली. बोधिसत्त्व पाण्याबाहेर आला, शेकोटीपाशी बसला आणि बायकांनी आणलेला भात त्याने खायला घेतला. जमलेले लोक खवळले.

"तिकडं माणसं ओरडतायत आणि याला भूक लागलीय!" एक जण मोठ्याने म्हणाला.

बोधिसत्त्वाने मान वर केली नाही. तो सावकाश जेवत राहिला.

तेवढ्यात सोणक एका म्हातारीला घेऊन आला. त्याने तिला खाली उतरवले. त्याचे ओठ निळे पडले होते.

"सोणका, बस. दोन घास खा, अंग शेक," बोधिसत्त्व म्हणाला.

"दादा, हिची लेक अजून उंबरावर आहे. उत्पला."

"पाहिलंय मी. त्या उंबराची मुळं खडकात आहेत, ती थोडी थांबू शकेल. तुझ्या अंगात आता त्राण नाही. एवढा भात संपवून मी जातो."

सोणकाने लोकांकडे पाहिले. सगळे त्याच्याकडेच पाहत होते, आणि त्या नजरांसाठी तो कितीतरी दिवस भुकेलेला होता.

"तुम्ही जेवा, दादा," तो म्हणाला.

लोकांनी जयजयकार केला. त्या आवाजातच त्याने उडी घेतली.

उत्पला फांदीला मिठी मारून बसली होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि ती घुटमळली.

"ये, काही होत नाही," सोणक म्हणाला. तिने विश्वासाने फांदी सोडली.

मध्यधारेत त्याचे हात चालेनासे झाले. एका लोंढ्याने ती पाठीवरून सुटली. त्याने तिचे मनगट पकडले. पण बोटे इतकी बधिर झाली होती, की ते मनगट हातातून कधी निसटले हे त्याला कळलेही नाही. बोधिसत्त्व ताट सारून केव्हाच पाण्यात शिरला होता. दोन डोकी दोन दिशांना जाताना त्याने पाहिली. जवळचे होते ते सोणकाचे. त्याचे केस धरून त्याने त्याला काठाला लावले आणि मागे वळून पाहिले, तेव्हा तिथे फक्त पाणी होते.

बोधिसत्त्व पुन्हा गेला. मध्ये थांबत, शेकत, संध्याकाळपर्यंत त्याने आणि इतरांनी उरलेली सगळी माणसे काढली. मग तो सोणकाशेजारी येऊन बसला.

"तुला धरून बसवायला हवं होतं मी," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील हे माझ्याही मनात आलं. तिथंच माझा हात आखडला."

पूर ओसरला. उंबर जागच्या जागी उभा होता. सोणक त्या म्हातारीला सरपण नेऊन देऊ लागला. ती ते घेऊन ठेवी. एकदा मात्र तिने विचारले, "त्या वेळी दमला होतास का रे?"

"होय."

"मग तिला सांगायचं होतंस. थांबली असती ती."

सोणकाने हातातले सरपण खाली ठेवले. "आजी, मी तिच्यासाठी गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "स्वतःसाठी गेलो होतो."

म्हातारीने ते ऐकून घेतले आणि चुलीकडे तोंड फिरवले.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर बसलेल्या एका भिक्षूकडे पाहिले. आजाऱ्यांची सेवा करता करता त्याने स्वतःचे अन्न सोडले होते आणि तो खंगून गेला होता. "भिक्षूंनो, तेव्हाचा सोणक तो हाच. उत्पलेची आई म्हणजे याच्यासाठी पेज घेऊन दाराशी उभी असलेली ही उपासिका. आणि तो वडील नावाडी मीच होतो."

उत्पला पुढे कुठे जन्मली, हे विचारण्याचे धैर्य त्या भिक्षूला झाले नाही, आणि शास्त्यांनीही ते सांगितले नाही. ते एवढेच म्हणाले, "स्वतःला केव्हा राखावे आणि केव्हा द्यावे, हे जी जाणते ती प्रज्ञा. तिच्यावाचून करुणा पैलतीराला पोचत नाही."