मैनीच्या कुंडातले मासे

फार फार जुनी गोष्ट बरं का. तेव्हा बेडकांचं बोलणं माणसांना कळायचं. कळायचं खरं, पण माणसं ऐकायची कुठे!

डोंगराच्या पायथ्याशी एक पाथरवट राहायचा. मैनी ही त्याची एकुलती एक लेक. तिच्या हट्टापायी त्यानं अंगणात दगडाचं कुंड कोरून ठेवलं होतं. मैनीनं ओढ्यातून पाणवेली आणून त्यात लावल्या आणि दगडावरचं शेवाळ चाटून खाणारे इवले मासे सोडले. पाणी इतकं नितळ, की तळाचा खडान् खडा दिसायचा.

मग तापाची साथ आली. अंथरुणावरून मैनी म्हणाली, "बा, वेलींना चिमूटभरच खत घाल. माशांना काही घालू नको, त्यांचं जेवण दगडावर आहे. सांभाळशील ना?"

"सांभाळीन गं बाळा," तो म्हणाला. त्याच आठवड्यात मैनी गेली.

घरात दुसरं कुणी उरलं नाही. पाथरवटाचा सगळा जीव त्या कुंडात गुंतला. चिमूटभर खत घालायला त्याला कसंसंच वाटे, म्हणून तो ओंजळभर घालू लागला. वेली तरारल्या, पण शेवाळही माजलं. मासे बिचारे चाटून चाटून दमले.

"किती राबतात माझ्या पोरीची लेकरं!" असं म्हणून त्यानं पिठाच्या गोळ्या टाकायला सुरुवात केली. आयतं मिळाल्यावर दगड कोण चाटतो? पाणी हिरवंगार झालं, वेली शेवाळाखाली दबून गेल्या.

एके सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. पाथरवटाला भरून आलं. "भूक लागली होय रे?" म्हणत त्यानं आणखी पीठ टाकलं.

काठावरच्या बेडकाला राहवेना. "अरे बाबा, ते जेवण मागत नाहीत, त्यांचा जीव गुदमरतोय! हात आवर, आणि ओढ्याचं ताजं पाणी आण."

"चल हट! माझ्या पोरीचे मासे उपाशी मारू काय?" पाथरवटानं त्याला खडा मारला. बेडूक गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी मासे पाण्यावर उलटे तरंगत होते. झाडून सगळे. पाथरवटानं वेल धरली, तर तीही कुजून हातात आली. मैनीचं म्हणावं असं आता काहीच उरलं नव्हतं.

तेव्हा त्याला आठवलं. शेवटच्या दिवशी मैनीनंही असंच तोंड उघडलं होतं, आणि त्यानं घाईघाईनं पेज भरवली होती. तिला पेज हवी होती, की काही सांगायचं होतं? आता विचारणार कुणाला! पिठाची मूठ तशीच धरून त्यानं हंबरडा फोडला. पण रडून काय होतंय? ते कुंड त्याच्या हयातीत पुन्हा कधी नितळ झालं नाही.

लहानथोरांनो, मायेनं घास भरवण्याआधी समोरच्याला काय हवंय ते विचारावं.