गोधडीवाली आणि गेरूची ओळ

फार पूर्वी, हिंग डोंगरापलीकडून माणसांच्या पाठीवरून येत असे, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि गावाच्या अगदी कडेच्या घरात एक गोधडीवाली एकटीच राहत होती. लोकांची जुनी लुगडी, धोतरं, रिकाम्या पिशव्या जमवायच्या आणि त्यांच्या गोधड्या शिवून द्यायच्या, एवढाच तिचा उद्योग. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोधडीचं काम सोडलं, तर गावात तिला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं.

दरवर्षी थंडीत डोंगरापलीकडचे लोक गावात येत. अंगावर जाड कांबळं, पाठीवर पिशव्यांचं ओझं. हिंग, सुंठ, ओवा, मिरी असा माल ते विकत आणि गल्लीतून जाताना आपल्या भाषेत त्याची नावं एका चालीवर ओरडत. गावातली पोरं त्यांच्या मागे मागे जाऊन त्याच चालीवर त्यांना वेडावून दाखवत. गोधडीवालीनेही लहानपणी हे केलं होतं. गावातल्या प्रत्येकाने केलं होतं.

गावाला त्यांचा हिंग हवा असे, पण ते नको असत. "पलीकडचा हसला की कोंबड्या मोजाव्यात," असं शहाणीसुरती माणसंही म्हणत. आजवर कुणाची एक तरी कोंबडी गेली होती का? नव्हती. पण म्हण चालायला कोंबडी जावी लागत नाही.

त्या लोकांची एक रीत होती. गावातून परत निघताना काही घरांच्या भिंतींवर, दाराशेजारी, ते आपल्या लिपीत गेरूने एक ओळ लिहून जात. कुणी म्हणे, "ही चोरांची खूण आहे. कुठल्या घरात काय आहे, ते मागून येणाऱ्या भाऊबंदांना कळावं म्हणून." कुणी म्हणे, "छे, करणी आहे करणी!" मग हिंगवाला वेशीबाहेर पडला, की बायका शेणाचा हात फिरवून ती ओळ पुसून टाकत. कुणी कधी ती वाचली नाही, कारण वाचायची गरजच कुणाला वाटली नाही.

त्या लोकांपैकी एक हिंगवाला दरवर्षी गोधडीवालीच्या दारात थांबे. "आई, पाणी दे गं," म्हणे. ती तांब्याभर पाणी देई, घरात असला तर गुळाचा खडाही देई. तो ओट्यावर टेकून पाणी पिई आणि उठताना पानात बांधलेला चिमूटभर हिंग ठेवून जाई. तो हिंग ती आमटीत घालत असे आणि मनात म्हणत असे, 'फुकट देतोय, म्हणजे काहीतरी मतलब असणारच.'

एका पौषात त्याने पाणी प्यायलं, कनवटीचा गेरू काढला आणि तिच्या भिंतीवर लिहायला लागला. आजवर तिच्या भिंतीवर कुणी लिहिलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती. 'काय लिहितोस रे?' असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण काय लिहितात ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, तिलाही होतं. लिहून झाल्यावर तो वळला आणि तिच्याकडे बघून हसला. तिच्याकडे एकही कोंबडी नव्हती, तरी तिने घाईघाईने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या गोठ्यातला पांढरा बैल नाहीसा झालेला होता.

निघता निघता अंधार पडल्यामुळे हिंगवाला रात्री गावातच थांबला होता. त्याला चावडीवर आणलं. पाटलांनी विचारलं, "याला भिंतीवर खूण करताना कुणी पाहिलं?" गोधडीवाली पुढे झाली आणि म्हणाली, "मी पाहिलं. माझ्याच भिंतीवर केली. आणि करून माझ्याकडे बघून हसला."

बाळांनो, यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी त्या दिवशी चावडीवर याहून मोठं खोटं कुणी बोललं नाही.

हिंगवाला घाबरून आपल्या भाषेत भराभरा बोलायला लागला. तिच्याकडे हात करी, तिच्या घराकडे हात करी, हात जोडी. "बघा, मंतर म्हणतोय," मागून कुणीतरी ओरडलं. मग त्याचं कुणी ऐकूनच घेईना. लोकांनी त्याच्या पिशव्या काढून घेतल्या, अंगावरचं कांबळं काढून घेतलं आणि त्याला घाटाच्या पायथ्यापर्यंत हाकलत नेलं.

चौथ्या दिवशी एका धनगराने निरोप आणला. खिंडीत एका दगडाला टेकून तो हिंगवाला बसलेला होता. थंडीने गारठून मेला होता.

बाराव्या दिवशी पांढरा बैल आपल्या पायांनी गोठ्यात आला. माळावर भरकटला होता, चरून चांगला गुबगुबीत झाला होता. पाटलीणबाईंनी त्याला ओवाळलं. गाव म्हणालं, "या खेपेला नसेल नेला त्याने. पण पुढच्या खेपेला नेलाच असता." पाटलांनी गोधडीवालीला बक्षीस म्हणून हिंगवाल्याच्या रिकाम्या पिशव्या पाठवल्या. कापड चांगलं होतं.

त्यानंतर डोंगरापलीकडचं कुणी त्या गावात आलं नाही.

गोधडीवालीने शेणाची पाटी घेतली आणि ती ओळ पुसायला गेली. तेवढ्यात शेजारणीने तिचा हात धरला. "अगं, मेलेल्या माणसाचं लिहिणं आहे ते. काय लिहिलंय हे कळल्याशिवाय पुसलंस, तर करणी अंगाला चिकटेल."

गोधडीवालीचा हात थांबला. त्या दिवसापासून ती ओळ तिच्या घरची झाली. सकाळी दार उघडलं की ती समोर, ओट्यावर शिवायला बसलं की ती पाठीशी. तिला घास गोड लागेना. बैल तर त्याने नेला नव्हता. मग लिहिलं होतं काय? आपण चोराला पकडून दिलं की आणखी कुणाला, हे तिला कळायलाच हवं होतं.

तीन कोसांवरच्या पेठेत डोंगरापलीकडच्या लोकांची दोन दुकानं होती. ओळ उतरवून नेली असती, तर त्यांनी घटकेत वाचून दाखवली असती. पण ती स्वतःशीच म्हणाली, 'आपल्या माणसाचं पाप कोण सांगेल? खोटंच सांगतील ते.' म्हणून तिने ठरवलं, आपणच वाचायला शिकायचं.

भावाच्या पाटीवरून आपली बाराखडी ती लहानपणी चोरून शिकली होती, म्हणजे अक्षर कशाशी खातात ते तिला माहीत होतं. तिने हिंगवाल्याच्या पिशव्या ओट्यावर मांडल्या. प्रत्येक पिशवीवर एकेक शब्द होता. पिशवीत काय होतं ते तिने वास घेऊन ओळखलं. ही हिंगाची, ही ओव्याची, ही सुंठीची. आणि पलीकडच्या भाषेत त्यांना काय म्हणतात, ते तर तिला पाठच होतं. पोरपणी चाळीस वेळा वेडावून म्हटलेली ती चाल तिने पुन्हा हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली आणि एकेका आवाजाखाली एकेक अक्षर ठेवत गेली. विळ्यासारखं अक्षर दोन पिशव्यांवर होतं, तो आवाजही दोन नावांत होता. ते जुळलं त्या दिवशी ती एकटीच हसली आणि मग उगाचच रडली.

पहिल्या हिवाळ्यात एवढंच झालं. भिंतीवरच्या ओळीत तिला 'हिंग' हा एक शब्द सापडला.

दुसऱ्या वर्षी ती पेठेत जायला लागली. त्या दुकानांसमोर फाटके कपडे शिवत बसायची आणि कान तिकडे ठेवायची. दुकानातल्या बाया तिला ताक देत, वस्तूंची नावं सांगत, तिचे उच्चार चुकले की हसत आणि पुन्हा सांगत. आपण कुठल्या गावच्या, ते तिने सांगितलं नाही. त्या हसल्या, की पहिले काही दिवस तिला कोंबड्या आठवत. मग आठवेनाशा झाल्या.

त्या हिवाळ्यात ओळीतले आणखी तीन शब्द लागले. आई. पाणी. नका. ती सुन्न झाली. या आईचं पाणी पिऊ नका, असंच असणार! इतकी वर्षं पाणी दिलं आणि मेला हे लिहून गेला? तिने रागाच्या भरात चावडीवर जाऊन सांगितलं. सगळ्या गावाने माना डोलावल्या. "आम्ही काय वेगळं म्हणत होतो?" पाटील म्हणाले. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

पण ओळीतले बाकीचे शब्द अजून राहिले होते आणि तिला सुरू केलेली गोधडी अर्धी टाकायची सवय नव्हती.

तिसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, एका सकाळी ती ओट्यावर उभी राहिली आणि भिंतीवर बोट ठेवून तिने ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिथे लिहिलं होतं, 'या घरातली आई पाणी देते. तिला हिंग विकू नका, असाच द्या.'

तिने पुन्हा वाचली. मग बोट काढून ती खाली बसली.

ती कसली खूण होती, ते आता तिला कळलं. वाटेवर कुठे पाणी मिळतं, कुठे माया मिळते, हे मागून येणाऱ्याला कळावं म्हणून ते लोक लिहीत. गावातल्या किती भिंतींवर, किती वर्षं, कुणाकुणाबद्दल काय काय चांगलं लिहिलं गेलं होतं कोण जाणे. सगळं गावानेच आपल्या हातांनी शेणाने पुसून टाकलं होतं. आणि हिंगवाला चावडीवर तिच्या घराकडे हात का करत होता, तेही कळलं. तो मंत्र म्हणत नव्हता. तो तिच्या पाण्याची आठवण देत होता.

ती चावडीवर गेली आणि तिने पूर्ण ओळ सांगितली. कुणी मान डोलावली नाही.

"म्हातारीला काय कळतंय! मागल्या वर्षी तर वेगळंच सांगत होती," एकजण म्हणाला.

"तेव्हा मला अर्धंच येत होतं, बाबा."

"पेठेत त्यांच्यात ऊठबस करते ना, त्यांनी पढवलंय," दुसरा म्हणाला.

पाटील म्हणाले, "ही आता पलीकडचीच झाली."

दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर गोधडीसाठी कुणी कापड टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पाण्यावरून आली, तर भिंत ओल्या शेणाने सारवलेली होती. शेजारीण दाराआड उभी होती. तिच्याकडे बघून हसावं असं गोधडीवालीला वाटलं, पण ती हसली नाही. हसण्याचा काय अर्थ होतो ते तिला ठाऊक होतं.

मग तिने पेठेतल्या बायांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी तिला ताक दिलं नाही, पण हिंगवाल्याचं घर कुठे आहे ते सांगितलं. दोन दिवस चालून, खिंड ओलांडून ती तिथे पोचली. एक बाई अंगणात ओवा पाखडत होती. हिंगवाल्याची बायको.

गोधडीवालीने वाटभर जुळवलेली वाक्यं त्या बाईच्या भाषेत म्हणायला सुरुवात केली. "तुझ्या धन्याला मी चावडीवर पकडून दिलं. तो तुमच्या भाषेत बोलला, ते कुणाला कळलं नाही. त्याने माझ्या भिंतीवर लिहिलं होतं. ते मला वाचता येत नव्हतं. मी तीन वर्षं शिकले. आता वाचता येतं. त्याने चांगलं लिहिलं होतं."

बाईने सूप खाली ठेवलं. तिने उत्तर दिलं ते अलीकडच्या भाषेत, एकही शब्द न अडखळता.

"तो लिहीत होता तेव्हा तू कुठे होतीस?"

"दारात," गोधडीवाली म्हणाली.

"बघत होतीस?"

"हो."

"त्याला बारा वर्षांचा असल्यापासून तुमची भाषा येत होती. त्यानेच मला शिकवली. चावडीवर घाबरून आपली भाषा बोलला असेल, पण तुझ्या दारात तो घाबरलेला नव्हता. तू विचारलं असतंस, 'काय लिहितोस रे?' तर त्याने सांगितलं असतं. तीन वर्षं कशाला लागली असती?"

गोधडीवालीला आता दोन भाषा येत होत्या, पण दोन्हींत उत्तर नव्हतं. बाईने सूप उचललं आणि ती आत निघून गेली.

तात्पर्य: परक्याची भाषा तो आपल्या दारात उभा असतानाच शिकायला घ्यावी. तो गेल्यावर शिकली, तर तिच्यात आपली चूक तेवढी वाचता येते.