कर्त्याचं नाव

नाशिकच्या उल्का टिळेकरने द्राक्षबागेत फवारणी कधी करावी हे सांगणारं सॉफ्टवेअर लिहिलं. बागायतदारांना देण्यासाठी त्याचं पॅकेज बांधताना सेटिंगमध्ये कर्त्याचं, म्हणजे ते लिहिणाऱ्याचं, नाव भरावं लागतं. ती नोकरी करत होती त्या कंपनीचे मालक दाभाडे मिशीला पीळ देत म्हणाले, “तुझं नाव काढ. फक्त माझं टाक.”

वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडत होतं, तरी उल्का हसली. “टाकते, साहेब. सोबत तुमचा मोबाइल नंबरही.”

“नंबर कशाला?”

“फवारणी चुकली की बागायतदार कर्त्यालाच फोन करणार. चूक प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीत आहे, तेवढं तुम्ही सांगायचं.”

दाभाड्यांच्या डोळ्यांपुढे एकेक तापट बागायतदार उभा राहिला. मिशीचा पीळ सुटला.

“उल्काबाई, नाव तुमचंच राहू द्या,” ते घाईने म्हणाले. “माझं आपलं आभारात घाला. बिननंबराचं!”