गौरीचा मुक्काम

पेणच्या यमुनाताई पाटणे गौरीचे मुखवटे घडवायच्या. युरोपातल्या तीन देशांमधल्या मराठी मंडळांनी त्यांना ही कला शिकवायला बोलावलं, म्हणून त्या व्हिसासाठी मुंबईला गेल्या. खिडकीपलीकडे सबनीस बसले होते. नोकरी परदेशी वकिलातीत, त्यामुळे ताठा खुद्द गोऱ्या साहेबापेक्षा जास्त.

"नवरा नाही, मूलबाळ नाही," कागद बाजूला ढकलत सबनीस म्हणाले. "तिथलं सुख बघितलंत की परत कशाला याल? तुमच्यासारख्या बायका तिकडेच दडून बसतात."

रांगेतली माणसं खाली बघू लागली. यमुनाताईंनी मात्र मान वर केली.

"साहेब, तुमच्या घरी गौर येते?"

"येते की. दर वर्षी."

"माहेरीच आलेली असते ती. पुरणपोळी काय, नवं लुगडं काय, सगळं घर पाया पडतं. तरी तिसऱ्या दिवशी निघतेच ना?"

"निघते."

"एवढा मान मिळूनही ती मुक्काम वाढवत नाही. तुम्ही तर मला दारातच चोर ठरवलंत. असल्या घरी मी एक दिवस तरी जास्त राहीन, असं वाटलंच कसं तुम्हाला?"

सबनीसांनी ढकललेले कागद परत जवळ ओढले.