एकाच खोक्यातली भावंडं

फार पूर्वी एका टेबलावर लॅपटॉपताई आणि तिचा धाकटा भाऊ चार्जर राहत. दोघं एकाच खोक्यातून आलेली. एकदा ताईसाठी माऊस, स्पीकर, पंखा असं सगळं एकत्र जोडून घेणारा चकचकीत डॉक आला. पिन बसली, तसे सगळे म्हणाले, "जुळलं!"

"दाजी, ताईला पोटभर वीज द्याल ना?" चार्जरनं विचारलं.

"पिन बसली ना? मग गप बस, पोरा!" डॉक हसला. चार्जरची रवानगी ड्रॉवरमध्ये झाली.

डॉककडे स्वतःची वीज नव्हतीच. त्याचे माऊस, स्पीकर, पंखा, सगळे ताईच्याच बॅटरीवर जगू लागले. "भूक लागलीय रे, भाऊ," तिची हाक बंद ड्रॉवरात ऐकू यायची.

ड्रॉवर उघडला, तेव्हा ताई थंड पडली होती. चार्जरनं जीव तोडून वीज दिली. दिवा लागला नाही.

बाजूलाच सगळे डॉकला नव्या लॅपटॉपची पिन लावून बघत होते.